उधारीची वही आणि काचेचा बाजार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाड्यातील बहुतेक धार्मिक न्यासांच्या जन्मकथेत कोठे ना कोठे एक दुकान असते. स्थानक असो, मंदिर असो, विद्यार्थ्यांचे वसतिगृह असो की गोशाळा असो, पहिल्या देणग्यांचे आकडे लिहिले गेले ते दुकानाच्या गादीवर, गल्ल्याशेजारी. त्यामुळे न्यासाच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना त्या दुकानाचे पुढे काय झाले, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. बीड शहरातील सुभाष रोडवर, मोंढ्यात, किंवा अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई येथील जुन्या पेठांतून फिरताना हा प्रश्न पावलोपावली समोर येतो. आजोबांच्या नावाची पाटी तशीच आहे, परंतु तिच्याखाली मोबाइलचे सुटे भाग विकले जात आहेत. कोठे दुकानाचा अर्धा भाग भाड्याने दिलेला आहे. कोठे मुलगा पुण्याच्या संगणक कंपनीत नोकरीला आहे आणि वडील केवळ सवय म्हणून सकाळी नऊला कुलूप उघडतात.

या अवस्थेचे कारण विचारले की उत्तर तयार असते, ‘मॉलने दुकान खाल्ले.’ हे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. बीडच्या रस्त्यांवर ‘मॉल’ अशी पाटी असलेली कापडाची आणि किराण्याची दुकाने आज दिसतात हे खरे. परंतु सरकते जिने, चित्रपटगृहे आणि शंभर-शंभर दालने असलेला महानगरी मॉल पाहावयाचा तर जिल्ह्यातील कुटुंबाला गाडी करूनच जावे लागले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेथील चिकलठाणा परिसरात २०१० साली प्रोझोन मॉल सुरू झाला. बीडहून तेथे पोहोचण्यास अडीच-तीन तास लागतात. वर्षातून दोनदा तेथे जाऊन येणाऱ्या कुटुंबामुळे रोजच्या मीठ-मिरचीचे दुकान बंद पडत नसते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधावयास हवे, आणि त्यासाठी बीडचे दुकान मुळात काय विकत होते, हेच प्रथम पाहिले पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पश्चिमेला नगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली. मधल्या सीमेवर संस्थानची जकात, म्हणजे करोडगिरी. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. नगर, बार्शी आणि जालना या मोठ्या पेठा बीडच्या भोवती होत्या. ‘जालना सोने का पालना’ असे लोक म्हणत, ते उगाच नव्हे. बीडला मात्र रेल्वे नव्हती. परळीपर्यंत रूळ आले. जिल्ह्याचे ठिकाण कोरडेच राहिले. माल बैलगाडीने यावयाचा, पुढे मालमोटारीने. अशा आडवळणाच्या मुलखात राजस्थानातून लोटा-दोरी घेऊन आलेली ओसवाल, माहेश्वरी, खंडेलवाल कुटुंबे स्थिरावली. येथले सैतवाल जैन तर पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. कापड विकणे आणि कापड शिवणे हाच त्यांच्यापैकी अनेकांचा व्यवसाय. कोमटी, लिंगायत वाणी, बागवान, अत्तार हे सर्व त्याच पेठेत शेजारी-शेजारी बसत. कोणाकडे भुसार, कोणाकडे वाणसामान, कोणाकडे भांडी, कोणाकडे लुगडी-धोतरे.

या पेठेचे गिऱ्हाईक कोण? बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी आणि मजूर. २०११ च्या जनगणनेतही जिल्ह्याच्या २५ लाख ८५ हजार लोकसंख्येपैकी सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहत होते; त्यापूर्वीचे प्रमाण याहून अधिकच. या माणसाच्या हाती पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. मूग-उडीद निघाले की थोडा येतो, कापूस वेचला की अधिक येतो, आणि पाऊस चुकला की येतच नाही. पोट मात्र रोजचे आहे. लग्न, बाळंतपण, आजारपण, पोळा, दिवाळी या गोष्टी कापूस फुटेपर्यंत थांबत नाहीत. पैसा येण्याचा दिवस आणि पैसा लागण्याचा दिवस यांत सहा-सहा महिन्यांचे अंतर. ते अंतर भरून काढणे हाच दुकानाचा खरा धंदा होता. साखर, गूळ, तेल, कापड ही त्या धंद्याची रूपे. बीडचा दुकानदार मालाबरोबर मुदत विकत असे, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येई ते मुख्यतः त्या मुदतीसाठी.

ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले, तसा बीड हा ऊसतोडणी मजूर पुरविणारा राज्यातील प्रमुख जिल्हा बनला. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांतील लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. पावसाळ्यातच मुकादम येतो, कोयत्यामागे उचल देतो, आणि पुढील पाच-सहा महिन्यांचे श्रम आधीच विकले जातात. ती उचल हातात पडली की पहिली वाट असते दुकानाची. मागील पावसाळ्याची थकलेली उधारी त्यातून चुकती करावयाची आणि प्रवासाचा बाजार भरावयाचा. कोपीवर टाकण्यासाठी ताडपत्री, कोयते, बैलांचे दोरखंड, घुंगरमाळा, बाजरीचे पोते, तिखट-मीठ, गोडेतेल, पोराबाळांना स्वेटर, रॉकेलचा डबा. पूर्वी दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मोंढ्यात पाय ठेवावयास जागा नसे ती या खरेदीमुळे. पुढे चार-पाच महिने त्याच पेठेत शुकशुकाट. गावाकडे राहिलेली म्हातारी आणि नातवंडे मात्र गावातल्याच दुकानातून पावशेर-पावशेर सामान नेत, आणि ते कोयत्याच्या नावावर लिहिले जाई. कोयता परत आला की हिशेब.

हे लिहिणे म्हणजे एक स्वतंत्र शास्त्र होते. लाल कापडी बांधणीची लांब वही. तिच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’. दिवाळीला तिचे पूजन. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, तेथून खतावणीत, प्रत्येक खातेदाराचे स्वतंत्र पान. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. जुन्या वह्या मोडीत, मारवाडी घरांच्या वह्या महाजनी लिपीत. आज त्या घरातील नातवालाही त्या वाचता येत नाहीत, आणि अनेक ठिकाणी त्या रद्दीत गेल्या आहेत. हे नुकसान वाटते त्याहून मोठे आहे. जिल्ह्यात कोणत्या वर्षी किती ज्वारी पिकली हे सरकारी दप्तरात मिळेल. १९७२ च्या दुष्काळात एखाद्या गावातील माणसांनी काय खाल्ले, काय विकत घेण्याचे सोडून दिले, हे केवळ अशा वहीत मिळेल.

वहीत न लिहिलेलेही पुष्कळ असे. कोणाचा बाप शब्दाचा पक्का होता, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोण दारूच्या नादी लागला आहे, कोणाच्या मुलीचे लग्न यंदा होणार, हे सर्व दुकानदाराला तोंडपाठ. आजच्या बँका ज्याला पत म्हणतात ती तो चेहऱ्यावरून वाचत असे. एखाद्या वर्षी पाऊस गेला की वसुली पुढच्या सालावर ढकलली जाई. कर्जमाफी हा शब्द तेथे नव्हता. ‘यंदा राहू द्या, पुढल्या साली बघू’ एवढेच वाक्य होते. दुकानाच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी असे आणि तिच्याच खाली बसून दिवसभर उधारी लिहिली जाई. पाटी अनोळखी माणसासाठी होती, एवढाच त्याचा अर्थ.

श्रोतेहो, येथपर्यंतचे वर्णन ऐकून कोणास जुन्या काळाचा मोह पडला असेल तर वहीचे दुसरे पानही उघडले पाहिजे. थांबण्याची किंमत गिऱ्हाईक देतच होते. ती व्याज म्हणून लिहिली नसेल, तरी भावात असे. रोखीच्या गिऱ्हाइकाला एक भाव, उधारीच्या गिऱ्हाइकाला दुसरा. निरक्षर माणसाचा अंगठा कशावर उमटतो आहे हे त्याला कळत नसे. अनेक ठिकाणी किराण्याच्या खात्याचे रूपांतर जमिनीच्या खतात झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी बाजार लुटला आणि त्यानंतर पुणे-नगर भागांत गावोगाव सावकारांच्या, त्यांत बहुसंख्य मारवाडी आणि गुजर व्यापाऱ्यांच्या, घरांवर मोर्चे गेले. तेथे माणसांना मारण्यापेक्षा त्यांचा भर कागद जाळण्यावर होता. दस्तऐवज आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुढे शंभर वर्षांनी, १९७५ साली, महाराष्ट्र शासनाला लहान शेतकरी व मजुरांना ऋणमुक्त करणारा कायदा पुन्हा करावा लागला. म्हणजे शतकभरात दुखणे गेले नव्हते.

जैन श्रावकाला हे दुखणे नवीन नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-जास्त मापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची नावे घेऊन नोंद आहे. ज्या आचार्यांनी ती केली त्यांना दुकान ठाऊक होते. व्रतांच्या यादीत मापाचा उल्लेख करावा लागतो याचा अर्थ मापात खोट होत होती. शेर-पायली जाऊन १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत किलो आणि लिटर सक्तीचे झाले, मापांवर शिक्के आले, तेव्हा सचोटीच्या दुकानदाराचे काहीच बिघडले नाही. दोन्ही तऱ्हेचे दुकानदार त्याच पेठेत होते आणि गिऱ्हाइकाला त्यांतील फरक बरोबर कळत होता. दुकान टिकले ते या फरकामुळे.

मग ही व्यवस्था खिळखिळी कशी झाली? मोठ्या घटनांकडे बोट दाखविण्याचा मोह सर्वांना होतो. वास्तविक पहिला घाव अगदी लहान होता, आणि तो पुडक्यावर छापलेला होता. पूर्वी माल सुटा येई. गूळ, तेल, चहा, साबणाची वडीसुद्धा कापून दिली जाई. भाव दुकानदार ठरवी. थांबण्याची किंमत त्या भावात सामावत असे. १९९० च्या सुमारास बंद वेष्टनातील मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हा न्याय्य कायदा, याविषयी दुमत नसावे. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा की छापील किमतीच्या वर एक पैसाही घेता येईना. कंपनीचा वितरक माल देतो तो रोखीने, फार तर आठवड्याच्या मुदतीने. छापील किंमत आणि खरेदी यांत शेकडा आठ-दहा रुपयांचे अंतर. त्यात भाडे, वीज, नोकर आणि वर सहा महिन्यांची उधारी कशी बसावी? डाळ-तांदळात अजून थोडी जागा होती. बिस्किटे, साबण, तेलाच्या पिशव्या यांत ती उरली नाही. आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत दरवर्षी सुटा माल कमी आणि पुडके अधिक होत गेले. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक येत होते तीच देणे दुकानाला परवडेनासे झाले. मॉल तेव्हा मुंबईतही नव्हता.

पुढील गोष्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडल्या आहेत. पगारदार वर्ग वाढला. शिक्षक, वीज मंडळाचे कर्मचारी, परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील कामगार यांच्या हाती महिन्याच्या महिन्याला रोख रक्कम येऊ लागली. त्यांना मुदत नको होती, सवलत हवी होती. हेच दुकानाचे सर्वांत भरवशाचे खाते होते आणि तेच प्रथम सुटले. ते मोठ्या स्वयंसेवा दुकानांकडे गेले, नंतर मोबाइलवर गेले. ॲमेझॉनने भारतात जून २०१३ मध्ये विक्री सुरू केली आणि काही वर्षांतच तालुक्याच्या गावी पाठीवर मोठी पिशवी घेतलेला तरुण मोटारसायकलवरून पार्सले वाटताना दिसू लागला. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी ऐन कापसाच्या हंगामात आली. रोखीवर चालणारा मोंढा काही आठवडे ठप्प झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. मोठ्या व्यापाऱ्याने सल्लागार नेमला. ज्याची सारी हिशेबनिशी लाल वहीत होती त्याची त्रेधा उडाली. याच काळात २०१२ पासून लागोपाठ दुष्काळ पडत होते. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी बीडच्या दुकानांत उधारी किती थकली असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

वितरकांचीही गत वेगळी नव्हती. घाऊक बाजारात उतरलेल्या बड्या कंपन्यांना तोच माल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो, या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी टूथपेस्टच्या एका नामांकित कंपनीच्या काही मालाचे वितरण थांबविले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कंपनीच्या गाडीतून मिळणाऱ्या भावापेक्षा मोठ्या दुकानातील किरकोळ भाव कमी असतो, आणि तो मुकाट्याने तेथूनच पेटी विकत आणून आपल्या फळीवर लावतो, ही गोष्ट पेठेत कोणालाही विचारली तरी खरी निघेल.

आता ज्या मॉलवर सारे खापर फोडले जाते त्याची स्थिती पाहावी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५६ साली पहिला पूर्ण बंदिस्त मॉल उभारणारे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन हे मूळचे व्हिएन्नाचे. युरोपातील शहरांच्या चौकाप्रमाणे लोकांनी एकत्र जमावे अशी जागा त्यांना हवी होती. वाहनतळांच्या समुद्रातील दुकानांची पेटी पाहून ते स्वतःच पुढे निराश झाले. तेथील सीअर्स या शतकभर जुन्या दुकानसाखळीने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मुंबईत १९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला तेव्हा तो पाहावयास रांगा लागल्या होत्या. पुढे मॉल म्हणून तो चालला नाही. ‘बिग बझार’ने २००१ पासून मध्यमवर्गाला स्वस्ताईची सवय लावली आणि २०२२ च्या आरंभी त्याच्या बहुसंख्य दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला. एका मालमत्ता सल्लागार संस्थेच्या पाहणीत २०२३ साली देशातील ८ प्रमुख शहरांत ६४ मॉल असे आढळले की ज्यांतील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे. अशा मॉलना तेथे ‘भूत मॉल’ म्हणतात. सगळेच मॉल बुडाले असे नव्हे. मोठे आणि चांगले चालविलेले भरलेले आहेत. पण काचेची भिंत आणि थंड हवा एवढ्यावर माणूस कायमचा बांधला जात नाही, हे त्यातून दिसते. मॉलला गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक नसते. ते येणे बंद झाले तर कोण आले नाही हेही त्याला कळत नाही.

दुकानाने सोडलेली मुदत मात्र कोणी तरी विकावयास हवीच होती, कारण पाऊस अजून तसाच आहे आणि कोयता अजून दसऱ्यालाच निघतो. ती जागा अनेकांनी घेतली. महिला बचत गटांनी काही भार उचलला आणि ते काम मोलाचे आहे. त्यांच्या मागोमाग सूक्ष्म वित्तपुरवठा करणाऱ्या कंपन्या आल्या, मोबाइल आणि मोटारसायकल हप्त्यावर देणाऱ्या वित्तसंस्था आल्या. त्यांचा हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा. ज्याची मिळकत वर्षातून दोनदा येते त्याच्या गळ्यात महिन्याचा हप्ता! मग एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज, आणि शेवटी मुकादमाची अधिक मोठी उचल. वसुलीला येणारा तरुण दर वर्षी वेगळा असतो. त्याला ‘पुढल्या साली बघू’ म्हणण्याचा अधिकार नाही, आणि ते म्हणण्याजोगी ओळखही नाही. जुन्या दुकानदाराचा नफा मोठा असेल, पण गिऱ्हाईक बुडाले तर आपलेही बुडेल हे त्याला ठाऊक होते. तो त्याच गावात राहत होता.

ठेवींचीही तीच कथा. शेतकरी, मजूर, विधवा स्त्रिया चार पैसे दुकानदाराकडे ‘जमा’ ठेवत. वहीतील डावी बाजू काही केवळ फेडीसाठी नव्हती. पुढे त्या ठेवी पतसंस्थांत आणि बहुराज्यीय संस्थांत गेल्या, अधिक व्याजाच्या आशेने. स्वतः दुकानदारांनीही दुकानातील भांडवल काढून तेथे ठेवले, कारण तेथे शेकडा बारा मिळत असताना शेकडा आठावर दुकान चालविण्यात शहाणपण दिसत नव्हते. २०२३ साली बीडमध्येच अशा एका मोठ्या संस्थेचे दरवाजे बंद झाले आणि ठेवीदारांच्या रांगा सर्वांनी पाहिल्या. त्या रांगेत मजूर होता आणि व्यापारीही होता. दोघांची खाती एके काळी एकाच वहीत होती.

दुकान गेले तर न्यासाचे काय, हा प्रश्न या सभागृहात तरी विचारावा लागेल. मोंढ्यात प्रत्येक सौद्यावर, प्रत्येक बिलावर ‘धर्मादा’ म्हणून काही पैसे कापण्याची रूढी होती. रक्कम इतकी लहान की देणाऱ्याला जाणवू नये. व्यापारी ती स्वतंत्र खात्यावर टाकी आणि तिच्यातून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, वसतिगृह चाले. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न मानून त्यावर प्राप्तिकर घ्यावा काय, असा वाद हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाने तो व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही, त्याच्याकडे सोपविलेला दानाचा पैसा आहे, असे मानले. म्हणजे धर्मादा देणारा केवळ शेठजी नव्हता. कापूस विकणारा शेतकरी आणि पोते घेणारा गिऱ्हाईक हेही प्रत्येक गोशाळेचे देणगीदार होते, जरी त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी फलकावर कोरलेली नाहीत. संगणकावर निघणाऱ्या आजच्या बिलात धर्मादाची ओळ अभावानेच दिसते. आज न्यासांना मोठी देणगी येते ती पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांकडून, एकरकमी. तिचे स्वागत आहेच. परंतु हजार माणसांच्या पैशा-पैशावर चालणारी संस्था आणि दहा माणसांच्या धनादेशावर चालणारी संस्था यांचा कारभार फार काळ एकसारखा राहू शकत नाही, हे विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे.

असे असले तरी दुकान संपले, असे म्हणण्याची घाई करू नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा मॉल बंद होते, आणि उघडे राहण्याची परवानगी होती ती किराणा दुकानाला. त्याच वेळी जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळावर अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर राज्य शासनाने ३८ कारखान्यांच्या निवाऱ्यांतील सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना गावी परतण्याची अनुमती दिली. ते आले, शिवारात वेगळे राहिले, आणि त्यांच्या चुलीला लागणारे तेल-मीठ गावातल्या दुकानातून गेले. आठवडी बाजार बंद, बँकेच्या दारात रांग, हाताला काम नाही. लिहून ठेवण्याखेरीज तेव्हा दुसरा व्यवहारच शक्य नव्हता. मोबाइलवरून वस्तू मागविणाऱ्या शहरी माणसालाही त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा दूरध्वनी क्रमांक शोधावा लागला. संकट सरले तशी ती आठवणही सरली, हा भाग वेगळा.

जे दुकानदार टिकले आहेत त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. त्यांनी काचेच्या भिंतीची नक्कल केलेली नाही. कोणी किराण्याला जोडून बी-बियाणे आणि खते ठेवली, कारण ती अजून हंगामाच्या बोलीवर जातात. कोणी सुट्या मालाकडे परत वळला. स्वतः निवडलेली तूरडाळ, धारूरकडचा खवा, उन्हाळ्यात वर्षाचे तिखट-हळद, म्हणजे ज्यावर दुसऱ्याने किंमत छापलेली नाही असा माल. भांड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांनी लग्नाचा बस्ता धरून ठेवला आहे. बस्त्याला दोन्ही घरची वीस माणसे येतात, चहा होतो, रुसवे-फुगवे होतात, आणि हे सारे मोबाइलच्या पडद्यावर उरकत नाही. ज्यांनी केवळ रंगरंगोटी केली, दिवे वाढविले आणि कर्ज काढून वातानुकूलन बसविले, त्यांतील कित्येकांना ते कर्ज जड गेले.

बीडकरांनी दशकानुदशके मागितलेली रेल्वे अखेर आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. ज्या नगरच्या पेठेतून एके काळी करोडगिरी भरून माल येत असे, तेथे आता बीडचे गिऱ्हाईक गाडीत बसून जाऊ शकते. रेल्वे व्यापाऱ्यांनीच मागितली होती. ती माल आणील की गिऱ्हाईक नेईल, याविषयी पेठेत आज दोन्ही मते ऐकू येतात.

दुकानाच्या गल्ल्याशेजारी आता चौकोनी ठिपक्यांची पाटी उभी असते. शहाऐंशी रुपये असोत की सहा, गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते आणि रक्कम आल्याचे यंत्र बोलून सांगते. दिवाळीच्या वहीपूजनात लाल वहीशेजारी अनेक घरी संगणक मांडलेला असतो आणि त्यावरही कुंकू लावले जाते. मात्र दसरा जवळ आला, कोयते निघण्याची वेळ झाली की दुकानदार गादीखालून एक शाळकरी दोनशेपानी वही काढतो. गावाकडे राहणाऱ्या म्हातारीचे नाव वर लिहितो, खाली मुलाचे, कारखान्याचे आणि मुकादमाचे. मग विचारतो, ‘आजी, साखर दोन किलो लिहू की तीन?’